मोकळ्या कळपाबरोबर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आइसलँडमधल्या सहा दिवसांच्या घोडेस्वारीबद्दल लिहिलं होतं. हेक्ला ज्वालामुखीच्या पायथ्यापासून निघून लाव्हाच्या पठारांवरून लांडमन्नालौगरच्या गरम झऱ्यांपर्यंत जायचं आणि दुसऱ्या वाटेने परत यायचं, असा तो प्रवास होता. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पशुवैद्य आहे. सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली आणि निवृत्तीनंतर, जर्मनीत राहणाऱ्या लेकीबरोबर, मी ही सफर केली.

माझं वय ५७. घोड्यावर कधीच बसले नाही. पाच-सहा दिवस झेपतील का? सोलापुरात राहून तयारी कशी करावी? (एक वाचक, बार्शी)

ताई, वयाचा अडसर नाही. मीसुद्धा ५८ व्या वर्षी शिकले. आयुष्यभर घोड्यांना इंजेक्शनं दिली, त्यांचे दात पाहिले, खूर पाहिले, पण पाठीवर बसले नव्हते. पण कधीच न बसता थेट अशा सफरीला जाऊ नका, हे मी ठामपणे सांगते. दिवसाला २५ ते ३५ किलोमीटर अंतर असतं आणि पाच-सहा तास खोगिरावर काढावे लागतात. घोडा वेगात आला की तोल सावरणं, लगाम ओढून न धरता त्याला थांबवणं, रिकिबीत पाय किती घालायचा, हे अंगात मुरलेलं हवं. मी एक हिवाळा दर शनिवार-रविवार पुण्याला जाऊन शिकले. पहाटेची गाडी धरायची आणि रात्री परत यायचं. चार महिन्यांनंतर शिक्षकांनी मोकळ्या मैदानात सोडलं.

सोलापुरात घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि हाताचा टेकू न घेता उठणं, रोज उठाबशा, तीन मजले चढ-उतार. स्वारीत सगळ्यात आधी बोलतात त्या मांड्यांच्या आतल्या बाजू आणि गुडघे. तिसरा दिवस सगळ्यांत जड जातो. मी त्या रात्री खाटेवर पाय टेकून बसले तर गुडघे एकमेकांना लागेनात. चौथ्या दिवशी सकाळी अंग आपोआप सैल झालेलं असतं. बहुतेक ठिकाणी स्वाराच्या वजनाला मर्यादा असते, साधारण १०० किलोच्या आसपास. ती विचारतात तेव्हा खरं वजन सांगा. तो प्रश्न घोड्यासाठी असतो.

आणि एक अगदी बायकांसाठीचं. जाड शिवणीचा कपडा आत घालू नका. पहिल्याच दिवशी सोलवटतं. बिनशिवणीची घट्ट विजार आणि व्हॅसलीन, बस्स.

फोटोत घोडे फारच लहान दिसतात. दिवसभर माणूस वाहून नेणं हा त्यांच्यावर अन्याय नाही का? (एक वाचक, सोलापूर)

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. जायच्या आधी मलाही हीच बोच होती, आणि माझी बोच जुनी आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा सोलापूर स्टेशनबाहेर टांगे उभे असत. दवाखान्यात येणाऱ्या टांग्याच्या घोड्यांचं दुखणं बहुतेक एकच असे. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे, आणि तंगाखाली, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखाली, साज घासून कातडी गेलेली. मी औषध लावायचे आणि ‘दहा दिवस जुंपू नका’ म्हणायचे. टांगेवाला मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी तोच घोडा तोच टांगा ओढताना दिसायचा. त्या माणसाला दोष देता येत नसे, त्याच्याकडे दुसरा घोडाच नव्हता. एक घोडा, एक घर. जखम भरायला जे दिवस लागतात ते कुणी द्यायचे, याचं उत्तर माझ्या औषधांच्या कपाटात नव्हतं.

आइसलँडमध्ये ते उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही चौदा स्वार होतो आणि घोडे पन्नासच्या वर. उरलेले घोडे खोगीर नाही, लगाम नाही, असे मोकळे आमच्याबरोबर धावत होते. पुढे वाट दाखवणारे दोन-तीन स्वार, मध्ये मोकळा कळप आणि मागे आम्ही. दीड-दोन तास झाले की एखाद्या हिरव्या सपाटीवर थांबायचं. सगळे पायउतार होतात आणि एक लांब दोरी हातात धरून गोल उभे राहतात. तो दोरीचा गोल हाच गोठा. कळप त्याच्या आत. मग प्रत्येकाला त्याचा पुढचा घोडा धरून देतात, खोगीर त्याच्यावर चढतं आणि आधीचा मोकळा होतो. मोकळा झाला की तो पहिलं काय करतो, तर जमिनीवर पडून पाठ घासून लोळतो. मी दिवसातून दोनदा, कधी तीनदा घोडा बदलला. काही घोड्यांच्या वाट्याला मधला पूर्ण दिवस बिनओझ्याचा यायचा.

प्रत्येक वेळी खोगीर उतरलं की तिथली मुख्य बाई पाठीवरून हात फिरवायची. बोटं दाबत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी. मी तिच्याबरोबर उभी राहायला लागले. तिला मराठी येत नव्हती आणि मला तिची भाषा, पण हाताला एखादी ऊबदार जागा लागली की दोघी एकदमच थांबायचो. चौथ्या दिवशी एका बदामी घोडीच्या पाठीवर रुपयाएवढी सूज लागली. ती घोडी उरलेले सगळे दिवस कळपात मोकळी धावली. कुणी चर्चा केली नाही, कुणी हिशोब मांडला नाही.

उंचीचं म्हणाल, तर ते घोडे खांद्याशी साधारण १३० ते १४५ सेंटीमीटर असतात. हाडं मात्र जाड, पाठ आखूड आणि खूर कणखर. तिथे त्यांना चार-पाच वर्षांचे होईपर्यंत खोगीर चढवत नाहीत. तोवर शिंगरं डोंगरात कळपाबरोबर वाढतात आणि दगडधोंड्यांत पाय कसा टाकायचा ते तिथेच शिकतात. आपल्याकडे अडीच वर्षांच्या शिंगराला वरातीत नाचवलेलं मी पाहिलं आहे. चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, त्या घोड्याचे गुडघे पुढे कधीच धड राहत नाहीत.

तुम्ही लिहिलेली ‘टोल्ट’ चाल म्हणजे आपली रवाल का? आणि तिथला एखादा घोडा इकडे आणता येतो का? (एक अश्वप्रेमी, अकलूज)

अकलूजकरांनी हे ओळखलं नसतं तरच नवल. दिवाळीच्या सुमारास तुमच्या घोडेबाजारात रवाल चाल दाखवणारे स्वार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. टोल्ट त्याच कुळातली आहे. चार पाय एकामागून एक, चार स्वच्छ ठोके, आणि एक तरी खूर कायम जमिनीवर. दुडकीत बसतात तसे हिसके बसत नाहीत. तिथे पेला भरून हातात धरतात आणि न सांडता घोडा पळवून दाखवतात. साधा कदम, दुडकी आणि चौखूर या तीन चाली सगळ्याच घोड्यांत असतात. या घोड्यात टोल्ट चौथी, आणि काहींत ‘स्केथ’ नावाची पाचवी, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलून धावायची. मला टोल्टनेच तारलं. साठीच्या कमरेला पाच दिवस दुडकी सोसली नसती.

घोडा विकत घेऊन तिथून बाहेर नेता येतो. युरोपात असे पुष्कळ आहेत. पण आइसलँडबाहेर गेलेला घोडा पुन्हा त्या देशात कधीच परत येऊ शकत नाही. बाहेरून घोडे आणण्यावरची बंदी इ.स. ९८२ च्या सुमाराची आहे, असं तिथे सांगतात. एवढी शतकं वेगळे राहिल्यामुळे तिथे घोड्यांचे कितीतरी साथरोग पोचलेलेच नाहीत, आणि म्हणून त्यांच्या अंगात त्यांच्याविरुद्ध प्रतिकारही नाही. बाहेर गेलेल्या अनेक घोड्यांना चिलटांच्या चाव्याने कातडीची भयंकर खाज सुटते. सोलापूरच्या ४४-४५ अंशांत त्या दुहेरी केसांच्या जनावराला आणायचा विचारही करू नका.

याच कारणाने तुमचा वापरलेला लगाम, खोगीर, कातडी हातमोजे तिथे नेता येत नाहीत. स्वारीचे वापरलेले कपडे धुऊन आणि बूट निर्जंतुक करूनच न्यायचे असतात. माझी तिकिटं काढून देणाऱ्या कंपनीने हे सांगितलंच नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री लेकीने नियम वाचला. माझे पुण्याहून आणलेले, वर्षभर पायात मुरलेले बूट आणि हातमोजे मी तिच्या घरी ठेवले आणि नव्या रबरी बुटांत गेले. टाचेला फोड आले. पण पशुवैद्य म्हणून मला तो नियम शंभर टक्के पटतो. एका बुटाला चिकटलेल्या शेणातून साथ जाते, हे मी इथे पाहिलेलं आहे.

दख्खनचं पठारही लाव्हाचंच, असं शाळेत शिकवतात. मग तिथलं दृश्य आपल्यासारखंच असतं का? (अकरावीचा विद्यार्थी, सोलापूर)

बाळ, एखाद्या खोल विहिरीच्या काठावर उभा राहा. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्याखाली घट्ट काळा पाषाण. कुठे दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा, आणि तांबडा पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात भाजलेली, झिजलेली माती. हे सगळं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. आपली ज्वारी, मंगळवेढ्याची मालदांडी, ज्या काळ्या मातीत येते ती याच दगडाची झीज आहे.

आइसलँडमध्ये हीच गोष्ट मातीच्या आधीच्या पानावर उघडी पडली आहे. आमच्या वाटेवरची सगळ्यांत जुनी दिसणारी दरडसुद्धा आपल्या विहिरीतल्या दगडापुढे काल जन्मलेली. पहिल्या दिवशी डावीकडे हेक्ला होता, १४९१ मीटर उंच, अंगावर बर्फाचे पट्टे. तो शेवटचा पेटला २००० साली. त्याच्या पायथ्याशी मैलोन्मैल प्युमिसचे खडे पसरलेत. टाच घासायच्या वजरीसारखा खरखरीत, भोकांचा, हातात घेतला तर वजनच नाही. घोड्याचा खूर त्यात रुततो आणि चुरचुर असा आवाज येतो. पन्नास घोड्यांचा तो आवाज एकत्र झाला की दूर कुठे पाऊस पडतोय असं वाटतं. हेक्लाच्या ११०४ सालच्या उद्रेकाने जवळच्या खोऱ्यातली वस्ती अशाच खड्यांखाली गेली.

पुढे लाव्हा. आपल्या पठारासारखा सपाट नव्हे, उकळी फुटून थिजलेला, धारदार, वर राखाडी शेवाळ्याची जाड गादी. त्या शेवाळ्यावर पाय ठेवू देत नाहीत, कारण एकदा फाटलं की भरायला दशकं लागतात. घोडे जुन्या वाटांनीच चालतात. शतकानुशतकं खुरांनी कोरलेल्या अरुंद, एकमेकींना समांतर अशा खोल रेघा आहेत त्या, आपल्या जुन्या गाडीवाटेच्या चाकोऱ्यांसारख्या. लगाम सैल सोडला की घोडा आपली रेघ आपणच निवडतो.

तिसऱ्या दिवशी फ्रोस्तास्तादावात्न या तळ्याला वळसा घातला आणि रंग बदलले. लांडमन्नालौगरचे डोंगर बेसाल्टचे, म्हणजे आपल्यासारख्या काळ्या पाषाणाचे नाहीत, तर रायोलाइट या फिकट ज्वालामुखी दगडाचे. पिवळे, गुलाबी, हिरवट, राखी. एका डोंगराच्या नावाचा अर्थच ‘गंधकाची लाट’. त्याच्या कुशीतून आलेला काळा काचेसारखा लाव्हा १४७७ च्या सुमाराचा. कडेला वाफा, आणि खाली गरम व गार झरे एकत्र होऊन झालेला डोह. लांडमन्नालौगर या नावाचा अर्थ ‘त्या भागातल्या लोकांची न्हाणी’. शेकडो वर्षं मेंढ्या गोळा करायला आलेले लोक इथेच अंग शेकत आलेत. मीही गळ्यापर्यंत पाण्यात बसले. रात्रीचे अकरा वाजले होते आणि उजेड आपल्या संध्याकाळी सहाएवढा होता.

तू विज्ञानाचा विद्यार्थी आहेस म्हणून आणखी एक सांगते. १७८३ साली लाकी इथे जमिनीला सुमारे २५ किलोमीटर लांब भेग पडली आणि आठ महिने तिच्यातून लाव्हा आणि वायू येत राहिले. दख्खनमधलेही लोंढे एखाद्या शंकूसारख्या डोंगरातून नव्हे, अशाच भेगांतून आले होते. लाकीच्या वायूत फ्लोरिन होतं. ते गवतावर बसलं, गवत जनावरांनी खाल्लं. दात वेडेवाकडे वाढले, हाडांवर गाठी आल्या, चावता येईना. देशातली निम्म्याहून अधिक गुरं-घोडी आणि त्याहून जास्त मेंढ्या गेल्या. जनावरं गेल्यावर दुष्काळ, आणि दुष्काळात सुमारे पाचव्या हिश्शाएवढी माणसं. तिथल्या लोकांनी त्या काळाला ‘धुक्याची आपत्ती’ असं नाव दिलं आहे. फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोरिनमुळे दात-हाडं बिघडण्याचा हा रोग, मला पुस्तकातून आणि पाण्याच्या अहवालांतून ठाऊक होता. लाव्हाच्या कडेला हिरवं गवत खाणारे घोडे बघताना त्या रोगाचा खरा आकार माझ्या लक्षात आला.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का? राहायची सोय कशी असते? (एक वाचक, पंढरपूर)

आधी कळवलं तर हाल होत नाहीत. मसूर-बटाट्याचं सूप, राय नावाच्या धान्याचा पाव, लोणी, ‘स्कीर’ नावाचं घट्ट दह्यासारखं. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. पाचव्या दिवशी ती डब्यातून तेराजणांत फिरली. राहायला मेंढपाळांच्या जुन्या लाकडी खोल्या. एका खोलीत दहा-बारा माणसं, झोपायला एकावर एक फळ्या, झोपायची पिशवी आपली आपण न्यायची. मी पिशवीच्या आत सोलापुरी चादर घालत होते, ऊब दुप्पट झाली. अंघोळ रोज मिळत नाही.

नद्या घोड्यावरून ओलांडाव्या लागतात असं वाचलं. भीती वाटली नाही? हवा कशी असते? (एक वाचक, माढा)

वाटली. हिमनदीचं पाणी तिने दळलेल्या दगडाच्या बारीक पिठामुळे दुधट करडं असतं, तळ दिसत नाही. आमच्या वाटेवरचा सगळ्यांत रुंद प्रवाह पाच-सहा फाट्यांत विभागलेला होता. सांगितलेलं एकच होतं : पाण्याकडे बघू नका, पलीकडच्या काठावरच्या एका दगडाकडे बघा. तिसऱ्या फाट्यात मी पाण्याकडे पाहिलं. क्षणात पाणी स्थिर आणि मीच उलटी वाहत चालल्यासारखं झालं, आणि मी नकळत लगाम ओढला. घोडा मधोमध थांबला. पाणी रिकिबीच्या वर, पायाला बधिर करणारं गार. मागून लेक ओरडली, “आई, हात सोड!” मी आयाळ धरली, लगाम ढिला सोडला. तो दोन श्वास थांबला, एक पाऊल चाचपून टाकलं आणि चालू लागला. काठावर गेल्यावर मी त्याच्या मानेला बराच वेळ धरून उभी होते.

जुलैत त्या उंचीवर दिवसा ५ ते १२ अंश असतात आणि पाऊस आडवा येतो. उंचावरचे रस्ते जूनच्या अखेरीस किंवा जुलैत उघडतात, आणि सप्टेंबरात मेंढ्या खाली आणण्याची मोठी धामधूम झाली की हंगाम संपतो. हवामानाला हलकं घेऊ नका. उत्तरेकडच्या क्योलुर या वाटेवर १७८० च्या शरदात मेंढ्या घेऊन घरी निघालेले दोन भाऊ आणि त्यांचे सोबती बर्फाच्या वादळात सापडून गेले. त्या जागेचं नाव आजही ‘हाडांची टेकडी’ आहे. वाटाड्याने ‘आज थांबायचं’ म्हटलं की थांबायचं.

व्हिसा, विमा, खर्च? (बरेच वाचक)

शेंगेन व्हिसा लागतो. विमा काढताना ‘घोडेस्वारी’ हा शब्द त्या कागदात लिहिलेला आहे ना, ते स्वतः वाचा. बऱ्याच साध्या प्रवासविम्यांत तो वगळलेला असतो. देश महाग आहे. मी निवृत्तीच्या पैशांतला एक हिस्सा यासाठी वेगळा ठेवला होता.

आम्ही मेंढपाळ. वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागे फिरतो. बिऱ्हाड घोडीवर असतं. घोडीच्या पाठीला दरवर्षी जखम होते. तिकडचे लोक काय करतात ते सांगा. (एक तरुण वाचक, सांगोला तालुका)

दादा, तुझं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तराला सगळ्यात शेवटी घेतलं, कारण ते नीट लिहायचं होतं. तुझी घोडी बहुधा भीमथडीच असणार. भीमाकाठची ही जात मराठ्यांच्या फौजेत होती, आणि आज ती टिकली आहे ती तुम्हा धनगरांच्या बिऱ्हाडामागे. लाव्हाच्या मुलुखात मेंढ्यांमागे फिरणारी माणसं आणि काटक, बुटकी घोडी तिथे पाहिली तेव्हा मला तुमचेच वाडे, म्हणजे मेंढ्यांसकटचे तुमचे फिरते तळ, आठवत होते.

तिकडे करतात त्यातलं तुला जमेल एवढंच सांगते. तुमच्या कळपात दोन-तीन घोडी असतील तर ओझं रोज एकीवरच नको. आज हिच्यावर जड, तिच्यावर फक्त अंथरुणं, उद्या उलट. दोन्ही बाजूंचं वजन हाताने उचलून सारखं करून बघ. एका बाजूला हंडे-भांडी आणि दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची खुराडी असं झालं की ओझं एकीकडे ओढतं आणि जखम तिथेच होते. घोंगडी घालताना मधोमध कण्यावर घडी येऊ देऊ नकोस. दोन जाड गुंडाळ्या करून कण्याच्या दोन्ही बाजूंना बांध, म्हणजे मध्ये पन्हळ राहील आणि हाडावर भार येणार नाही. घामाने वाळून कडक झालेली घोंगडी सँडपेपरसारखी घासते. ती आठवड्यातून एकदा धू आणि उन्हात वाळव. कुसळं आणि काटे रोज वेचून काढ.

मुक्कामाला ओझं उतरलं की लगेच पाठीवरून हात फिरव, पाणी पाजायच्या आधी. हाताला गरम लागणारी, फुगलेली जागा सापडली तर दुसऱ्या दिवशी त्या घोडीवर काहीही टाकू नकोस, तिला मोकळी चालव. कातडी फुटायच्या आधीचे ते दोन दिवस दिलेस तर पुढचे वीस दिवस वाचतात. जखम झालीच असेल तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धू. हळद-तेलाचा जाड थर देऊ नकोस, त्यावर धूळ बसते. कडेने करंज किंवा कडुनिंबाचं तेल लाव म्हणजे माशी बसणार नाही. आणि घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून इंजेक्शन चुकवू नकोस. जिथे मुक्काम असेल तिथून १९६२ या नंबरला फोन कर, पशुवैद्यकाची फिरती गाडी मागता येते. संकोच करू नकोस, ती तुमच्यासाठीच आहे.

तुमचा वाडा परतीला सोलापूरच्या बाजूने येत असेल तर पत्रिकेच्या पत्त्यावर कळव. मी येऊन घोडीची पाठ बघेन.